रोलात आत्मा असतो म्हणे

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो गळ्यात कॅमेरा अडकवून. कॅमेरा जुना, लोखंडी, हातात घेतला तर हातोडीसारखा जड. मी म्हणलं, हे कुठल्या भंगारवाल्याकडनं आणलंस? तर हसला. म्हणाला, "नाना, हा रोलचा कॅमेरा आहे. आता परत याचीच फॅशन आलीय. मोबाईलच्या फोटोला आत्मा नसतो."

आत्मा. ओट्यावर बसलो होतो, हातात चहाची बशी होती, ती खाली ठेवली.

हे असलं बोलणं मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. रविवारच्या पुरवणीत अधूनमधून कुणीतरी लिहितं. रोलच्या फोटोचा तो दाणेदारपणा, ती वाट बघणं, तो लाल दिवा, ते छत्तीस फोटो पुरवून पुरवून काढणं, आणि आता मेलं सगळं कसं स्वस्त झालंय, बोट लावलं की शंभर फोटो. लिहिणाऱ्याचं वय बघावं तर तिशीच्या आत. ज्याच्या बारशापासून बारावीपर्यंतचे आल्बम कपाटात आहेत त्याला टंचाईचं कौतुक सुचतं. ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्याला विचारा.

म्हणून हे लिहायला घेतलंय. मी दहावी झालेला माणूस, फोटोग्राफीतलं मला काय कळतं असं कुणी म्हणेल. पण फोटो काढणाऱ्याला जे कळतं ते एक आणि ज्याचा फोटो निघाला नाही त्याला जे कळतं ते दुसरं. दुसरी बाजू आमची आहे.

पुतण्याला आधी हिशोब विचारला. रोल, तो धुऊन घेणं, मग स्कॅन करणं, सगळं मिळून हजाराच्या वर जातं म्हणाला. छत्तीस फोटो. म्हणजे फोटोमागं तीस रुपये धरा. मी विचारलं, मग कागदावर किती काढलेस? तर कागदावर एकही नाही. स्कॅन करून मोबाईलमध्ये घेतो आणि तिथनंच लोकांना दाखवतो. आता सांगा. रोल आणायचा, फिरवायचा, पुण्यात धुवायला द्यायचा, आठ दिवस वाट बघायची आणि शेवटी बघायचा कुठं, तर त्याच मोबाईलच्या काचेत. आत्मा जर असेलच, तर तो स्कॅनच्या मशीनमध्ये शिरताना कुठं बसतो, ते मला त्यानं सांगितलं नाही.

आमच्या घरातला पहिला फोटो १९६८ चा. आम्ही माण तालुक्यातले. म्हसवडला सिद्धनाथाची रथाची जत्रा भरते मार्गशीर्षात. तात्या मुंबईला गिरणीत होते, ते जत्रेला आले होते. जत्रेत फोटोवाल्याचा तंबू. आत पडदा, त्यावर तळं, तळ्यात हंस, कडेला नारळीची झाडं. आमच्या गावात प्यायला पाणी नाही आणि फोटोत आमच्या मागं तळं. तात्या खुर्चीत बसलेत, आई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे, मी आठ वर्षांचा, तात्यांच्या गुडघ्याला धरून. आईच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. खुरपं लागलं होतं. ती चिंधी फोटोत स्वच्छ दिसते.

तिघांच्याही तोंडावर फौजदारासमोर उभं केल्यासारखा भाव आहे. आजकालच्या पोरांना वाटतं, जुने लोक किती गंभीर, किती भारदस्त. अरे, भारदस्त कसले? घाबरलेले होते. डोळा मिटला तर पैसे गेले. हसलं, हललं, तोंड पुसट आलं तर पैसे गेले. फोटोवाला ओरडत होता, हलू नका, हलू नका. तात्यांनी तर श्वास धरला होता. ज्याला तुम्ही त्या काळाचं गांभीर्य म्हणता ते पैशाचं भय आहे.

फोटो दुसऱ्या दिवशी मिळाला. तंबूच्या मागं काळ्या कापडाची खोली होती, तिथंच तो धुवायचा. निगेटिव्ह त्याच्याकडं राहिली आणि जत्रेबरोबर पुढच्या गावाला गेली. आमच्या हातात एक कागद आला, पोस्टकार्डाएवढा. आईच्या आयुष्याची पहिली पन्नास वर्षं म्हणजे तेवढाच एक कागद.

आजीचा तर तेवढाही नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं ती म्हणायची. खरं म्हणजे तिला कुणी विचारलंच नव्हतं काढू का म्हणून. आज मला आजीचं तोंड आठवत नाही. नाकातली नथीची मोकळी भोकं आठवतात आणि तंबाखूचा वास आठवतो. तोंड नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडी खायचो. पाझर तलावाच्या कामावर आमच्या गावचं निम्मं गाव होतं. त्या दोन वर्षांचा आमच्या वाडीत कुणाच्याही घरी एक फोटो नाही. साहेब लोकांच्या फायलीत असतील, वर्तमानपत्रांत आले असतील. पण ज्यांनी खडी फोडली त्यांच्या घरात नाहीत. तेव्हा रोल होता, कॅमेरा होता, चांदी होती, आत्माही असेल. फक्त तो आमच्या वाटेला नव्हता.

दहावीच्या निरोप समारंभाला शाळेत ग्रुप फोटो काढला. १९७६ साल. तालुक्याहून फोटोवाला सायकलीवर आला, तीन पायांचं स्टँड मागं बांधलेलं. आम्हाला बाकांवर उभं केलं, मास्तर मंडळी खुर्च्यांवर. मी मागच्या ओळीत डावीकडून तिसरा. फोटो आल्यावर ज्यांनी पैसे भरले त्यांना कॉपी. माझ्या दोन दिवसांच्या रोजगाराएवढे पैसे होते. मी भरले नाहीत. म्हणजे फोटोत मी होतो, पण फोटो माझा नव्हता.

आणि तो मला मिळाला कधी? चाळीस-बेचाळीस वर्षांनी. वर्गातला एकजण नोकरीतनं रिटायर झाला, त्यानं घर आवरताना तो फोटो सापडला, मोबाईलनं त्याचा फोटो काढला आणि व्हॉट्सअपवर ग्रुपला टाकला. मी बांधावर उभा होतो. मोबाईल वाजला म्हणून उघडला तर समोर मी. सोळा वर्षांचा, बटण तुटलेला सदरा, कान मोठे. मी मला त्या वयात कधी बघितलंच नव्हतं. आमच्या घरात आरसा होता तो तळहाताएवढा. दोन बोटांनी पडदा मोठा केला आणि बघत बसलो. मोटर चालू होती, वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी कळलं नाही.

पुतण्याला मी हेच विचारलं. यात आत्मा कशात होता? रोलात का त्या फुकटच्या मोबाईलमध्ये? रोलनं मला बेचाळीस वर्षं बाहेर उभं केलं. मोबाईलनं एका मिनिटात आत घेतलं.

माझ्या लग्नाचंही ऐका. १९८४. तोवर गावात दोघातिघांकडं आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा आलेला होता. काळा डबा, एका रोलात बारा फोटो, चौकोनी. पण लग्नाला म्हणून मुद्दाम स्टुडिओवाला बोलावला. त्यानं फ्लॅश मारून मारून मांडव उजळून टाकला. हळद, अक्षता, घास, सगळं झालं. पंधरा दिवसांनी गेलो तर म्हणाला, रोलला उजेड लागला. सगळा रोल गेला. पुढं एका जाणत्या माणसानं सांगितलं की काही फोटोवाले रोल न घालताच फ्लॅश मारतात, लोक खूश होतात. आमच्यात काय झालं देव जाणे. पण आमच्या लग्नाचा एकही फोटो नाही. घरची मंडळी अजून टोमणा मारते, "आपलं लगीन झालं याला पुरावा काय?" चार नातवंडं झाली, तरी पुरावा मागते.

रोलचं कौतुक करणारे म्हणतात, अनिश्चितपणात गोडी होती. काय निघेल याची उत्सुकता होती. असेल. आम्हाला पावसाची उत्सुकता आयुष्यभर आहे, तिची गोडी अजून लागली नाही.

दुसरं एक ऐकायला मिळतं की रोलचा फोटो सच्चा, मोबाईलचा खोटा. मोबाईल चेहरा गोरा करतो, सुरकुत्या पुसतो. म्हणजे जुने स्टुडिओवाले काय करत होते? टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच सुरकुत्या घालवायचे. आमच्या माजघरात तात्यांचा मोठा फोटो आहे. तात्या १९९१ ला गेले, तेव्हा जत्रेतला तोच एक फोटो होता. तालुक्याच्या स्टुडिओत नेऊन त्यातनं तात्या वेगळे काढले, मोठे केले, रंगवून घेतले. फोटोत तात्यांच्या अंगात काळा कोट आहे. तात्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. गिरणीत बंडी आणि गावात बाराबंदी. पण मेल्यावर कोट मिळाला. माझी धाकटी नात त्यांना "कोटवाले पणजोबा" म्हणते. आणि बारकाईनं बघाल तर कोटाच्या खांद्यामागं एक फिकट डाग आहे. ती आईची बोटं. पेंटरनं आई पुसली, बोटं नीट पुसायची राहिली.

तेव्हा सच्चेपणाचं मला सांगू नका.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा म्हातारा मोबाईलचा वकील झालाय. तसं नाही. रोलच्या बाजूनं जे खरं आहे ते मी लपवणार नाही, आणि ते मला पुतण्यानंच सांगितलं. दोन दिवस आमचा वाद चालला होता, त्यात त्यानं मला रोल कसा बनतो ते समजावलं.

फिल्मवर चांदीच्या मिठाचा थर असतो, जिलेटीनमध्ये कालवलेला. जिलेटीन बनतं जनावरांच्या हाडाकातड्यातनं. म्हणजे आपल्याच गोठ्याची गोष्ट. कोडॅक कंपनीत सॅम्युएल शेपर्ड नावाचा शास्त्रज्ञ होता. काही जिलेटीनची फिल्म उजेडाला चटकन जागी होते आणि काहीची होत नाही, हे कोडं त्यानं १९२० च्या दशकात सोडवलं. जिलेटीनमध्ये गंधकाचा अंश असला की फिल्म तल्लख होते, आणि तो अंश येतो मोहरीच्या जातीचा पाला खाल्लेल्या जनावरांकडनं. गाईनं रानात काय चरलं त्यावर सिनेमा ठरत होता. हे ऐकून मला रोलबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. आपल्याकडंही उटीला सरकारनं १९६० साली फिल्मचा कारखाना काढला होता, त्यांचा माल "इंदू" नावानं यायचा. तोही आता बंद आहे.

तर पुतण्या म्हणाला, नाना, काळ्यापांढऱ्या फोटोतलं जे काळं दिसतं ना, ती शाई नसते. ती चांदी असते. उजेड पडला की चांदीच्या मिठातनं चांदी मोकळी होते, बारीक कणांची, म्हणून काळी दिसते. राहिलेलं मीठ हायपोत धुऊन जातं.

हे मात्र माझ्या मनात बसलं. आमच्या देव्हाऱ्यात टाक आहेत. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देव, आणि त्यांच्याबरोबर घराण्यातले वाडवडील. दर दसऱ्याला चिंचेनं घासतो, पुजतो. आपल्या लोकांना पूर्वज चांदीत ठेवायची जुनी सवय आहे. आणि मला ठाऊकच नव्हतं की आई माजघरात चांदीतच आहे. म्हसवडच्या त्या तंबूत जो उजेड तिच्या अंगठ्याच्या चिंधीवर पडला, तोच निघून फिल्मवर गेला आणि तिथं चांदी झाला. तो उजेड तिला शिवून आलेला होता. मोबाईलमध्ये आकडे राहतात. आकडे खोटे नसतात, पण आकडे शिवलेले नसतात. एवढं मी पुतण्याला कबूल केलं.

पण पुरतं ऐका. रंगीत फोटोत ती चांदीही राहत नाही, धुताना काढून टाकतात, नुसता रंग उरतो. म्हणून १९९० च्या सुमाराचे आल्बम उघडून बघा, सगळं वऱ्हाड लालभडक नाहीतर पिवळं झालेलं. आमच्या थोरल्या पोरीच्या बारशाचे फोटो असेच उडालेत. काहींना वाळवी लागली, काही पत्र्यातनं गळणाऱ्या पाण्यानं एकमेकांना चिकटले, सोडवायला गेलो तर तोंडच उकलून आलं. रोल अमर असतो हे कुणी सांगितलं?

आणि मोबाईलचं म्हणाल तर शेतकऱ्याला तो लागतोच. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. स्वतःच्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढतं. गारपीट झाली तर विम्यासाठी तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं, आणि कळवताना फोटो असला तर बरं असायचं. पूर्वी नुकसान झालं तर साहेब येईपर्यंत पीक कुजून जायचं आणि साहेब विचारायचा, कुठं आहे नुकसान? आता निदान दाखवायला काहीतरी आहे. गारांनी फाटलेल्या पानाचा फोटो दाणेदार आला का गुळगुळीत आला याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. त्यावर गावाचं नाव, तारीख आणि वेळ आली की झालं.

पुतण्या म्हणतो, हा डिजिटल कॅमेराही कोडॅकमध्येच जन्मला. १९७५ साली, म्हणजे मी दहावीत होतो तेव्हा, त्यांच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरनं पहिला बनवला. एक फोटो कॅसेटच्या फितीवर साठवायला २३ सेकंद लागायचे. कंपनीनं रोलच्या धंद्याकडं बघून त्याला बाजूला ठेवलं आणि २०१२ ला स्वतःच दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. घरात जन्मलेलं पोर नाकारलं की असंच होतं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय या भांडणाला अर्थ नाही.

आई २०१९ च्या भाद्रपदात गेली. नव्वदी ओलांडली होती. शेवटची पाच-सहा वर्षं घरात स्मार्टफोन होता. पोरानं तिचे शेकड्यानं फोटो काढले असतील. चुलीपुढं, अंगणात, पणतीला मांडीवर घेऊन, शेळीच्या करडाला कवटाळून. आम्ही निर्धास्त होतो. जत्रेतल्या एका कागदावर जगलेली माणसं आम्ही, आता चारशे फोटो खिशात. कागदावर एक तरी काढावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. आई गेली आणि दोन महिन्यांनी तो मोबाईल फवारणीच्या टिपाडात पडला. औषधाच्या पाण्यात. काढेपर्यंत खेळ संपला. पुतण्या म्हणाला, गूगलवर असतील. पण त्याला पासवर्ड लागतो, आणि तो मोबाईल घेताना दुकानदारानंच घातला होता. झालं. चारशे फोटो गेले.

उरलं काय? दहाव्यापर्यंत भाच्यानं त्यातलाच एक फोटो घेऊन फ्लेक्स केला होता, "भावपूर्ण श्रद्धांजली" म्हणून. सहा फूट बाय चार फूट. चौकात तेरा दिवस होता. नंतर काढून वाड्याच्या मागं गुंडाळून ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात वळीव आला, सगळ्यांची पळापळ. पाऊस उघडल्यावर मी रानाकडं निघालो, तर शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर आई. चार कोपऱ्यांना दगड ठेवलेले, तोंडावर पाण्याचं थारोळं, त्यात गंजीतला भुसा तरंगत होता. त्याला बिचाऱ्याला कळलं नव्हतं. फ्लेक्स दिसला, ओढला, झाकला. त्याच्या स्वतःच्या गंजीवर चार पुढाऱ्यांचे वाढदिवस आधीच होते. आमच्या भागात सगळ्या गंज्या फ्लेक्सनंच झाकतात.

मी काही बोललो नाही. दुसरा कागद आणून झाकला, आईला उतरवलं, पुसलं, घडी घालून आणलं. आता तो फ्लेक्स माळ्यावर आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून उमजलेलं नाही. जुना फोटो झिजला की नदीत सोडतात. हा पाण्यात सोडता येत नाही, कुजत नाही. जाळायला हात होत नाही. टांगायला सहा फुटाची भिंत नाही. आईचं सगळ्यात मोठं चित्र घरात आहे आणि ते घडी घालून ठेवावं लागतं.

त्याच्यानंतर वर्षभरानं आक्काच्या पोरीच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ सापडला. चाळीस सेकंदांचा. आई चुलीपुढं बसलीय, कोंबडीला हाकलतीय आणि मोबाईलकडं बघून म्हणतीय, "बंद कर की ते, चूल इझाय लागलीया." एवढंच. पण तो आवाज. जत्रेतल्या फोटोत चांदी आहे, चिंधी आहे, पण आई तिथं मुकी आहे. तिचा आवाज ठेवायची सोय त्या तंबूत नव्हती. तो त्या मोबाईलनं ठेवला, ज्याला आत्मा नाही म्हणतात. पोरीनं पाठवला त्या रात्री घरातली सगळी माणसं, सुना-नातवंडं, एका मोबाईलभोवती वाकून बसली होती. लहान नातीनं सात-आठ वेळा लावायला सांगितला.

म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. रोल चांगला का मोबाईल चांगला हे भांडण भरल्या पोटाचं आहे. रोलच्या काळात फोटो जपला गेला त्याला कारण रोल नव्हता. एकच होता, कागद होता, भिंतीवर होता, जाता-येता दिसत होता, दसऱ्याला पुसला जात होता. मोबाईलच्या काळात फोटो हरवतो त्यालाही मोबाईल कारण नाही. चारशे आहेत या भरवशावर आपण एकाचीही राखण करत नाही. दाणे मुबलक झाले म्हणून कुणी बियाण्याची मोट बांधून ठेवायचं सोडतं का? पूर्वीच्या बाया पिकातनं चांगली कणसं आधी निवडून बाजूला काढायच्या, राखेत घोळवून ठेवायच्या, मग बाकीचं खायला. फोटोचंही बियाणं काढून ठेवावं लागतं. ते काम आपण सोडलंय आणि नाव मोबाईलला ठेवतोय.

मी आता दर दिवाळीला बारा फोटो कागदावर काढून आणतो. क्लिक थ्रीच्या रोलात बारा असायचे, तेवढेच. तालुक्याला जुना स्टुडिओवाला आहे, आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि फ्लेक्स यावर पोट भरतो. वर्षभराचे फोटो घेऊन त्याच्या दुकानात बसतो. बारा निवडायचे म्हणजे अर्धा दिवस जातो, घरात भांडणं होतात, कुणाचा ठेवायचा नि कुणाचा नाही. होऊ देत. त्या भांडणात वर्ष परत एकदा बघून होतं. आणि मागं पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहितो. आमच्या जुन्या पेटीत असे चार फोटो आहेत की त्यातली माणसं कोण हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. चांदी आहे, नाव नाही. नाव नसलेल्या चांदीला काय करायचं?

वाचणाऱ्यांनो, तुम्ही पुण्यामुंबईत असा नाहीतर वाडीवस्तीवर, एवढं करा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचा एक फोटो याच महिन्यात कागदावर काढा, आणि त्याचा आवाज दोन ठिकाणी ठेवा. एका मोबाईलवर विसंबू नका. टिपाड कुणाच्या घरी नसतं?

पुतण्यानं जायच्या दिवशी आमचा दोघांचा फोटो काढला. मी आणि घरची मंडळी, ओट्यावर. त्याच रोलवर. तिनं पदर सारखा केला आणि श्वास धरून बसली, अगदी तात्यांसारखी. मी म्हणलं, सोड की श्वास, आता पैसे आपले नाहीत. तर म्हणाली, "गप बसा. मागच्या येळचा गेलाय आपला."

महिन्यानं त्यानं फोटो मोबाईलवर पाठवला. चांगला आलाय. ती त्यात हसलीय, कारण मी बोललो तेव्हाच त्यानं बटण दाबलं. पुतण्यानं खाली लिहिलं होतं, बघा नाना, आत्मा.

मी उलट कळवलं, कागदावर घेऊन ये, मग बोलू. अजून आणलेला नाही.